घोड्याऐवजी सायकल

वसईच्या किल्ल्यात शिरले की प्रथम नजरेत भरतात त्या छप्पर नसलेल्या प्रार्थनामंदिरांच्या उंच भिंती. पोर्तुगीजांनी बांधलेला आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने निकराने लढून जिंकलेला हा दुर्ग. आज त्याच्या तटावर झाडे माजली आहेत, कमानींना मुळांनी विळखे घातले आहेत, आणि जेथे एके काळी शहर नांदत होते तेथे भर दुपारीही रातकिड्यांचा आवाज ऐकू येतो. या पडझडीवर चित्रपटवाल्यांचा मात्र फार लोभ. हिंदी चित्रपटांतील कितीतरी गाणी आणि मारामाऱ्या येथे चित्रित झाल्या आहेत. ‘कोल्डप्ले’ या इंग्रज वाद्यवृंदाच्या २०१६ सालच्या एका गीतचित्रातही या किल्ल्याचे दर्शन घडते.

मोठ्या चित्रपटाचे चित्रण असले म्हणजे किल्ल्यात जणू छोटी छावणीच पडते. वीज निर्माण करणारी गाडी येते, दिव्यांचे खांब उभे राहतात, रंगभूषेच्या पेट्या उघडतात, कपड्यांची गाठोडी सुटतात. आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो नट बहुधा छत्रीखाली बसून कंटाळलेला असतो. परंतु एखाद्या रविवारी सकाळी याच किल्ल्यात दुसरेही एक दृश्य पाहावयास मिळते. वसई, नालासोपारा, विरार या भागातील चारपाच शाळकरी मुले एखाद्या कमानीखाली जमलेली असतात. एकाच्या कमरेला आईची जुनी ओढणी शेल्यासारखी बांधलेली. दुसऱ्याच्या हाती तलवार म्हणून झावळीचा दांडा. तिसऱ्याने मोबाइल आडवा धरलेला. तो ओरडतो, “चालू!” आणि मराठ्यांची फौज, जिची एकूण संख्या दोन असते, तटावर चाल करून जाते.

छत्रीखालचा नट आणि शेला बांधलेला मुलगा हे दोघे एकाच उद्योगात आहेत. मग प्रश्न असा पडतो की, चित्रपट करावयास लागते तरी काय?

शंभर वर्षे या प्रश्नाचे उत्तर ठरलेले होते : पुष्कळ पैसा आणि स्वतःचा स्टुडिओ. ‘प्रभात’ ही आपल्याकडील नामांकित चित्रसंस्था १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ साली पुण्यास आली. तिच्या आवारात सुतार, शिंपी, रंगारी, छायालेखक, नट, गायक अशी सारी मंडळी महिन्याच्या पगारावर कामास असत. राजवाडा हवा, तर सुतारांनी तो उभा करावयाचा. देऊळ हवे, तर रंगाऱ्यांनी लाकडाला दगडाचे रूप द्यावयाचे. ज्याच्यापाशी असे आवार नाही, त्याने चित्रपट पाहावा, काढू नये.

या धंद्याचा आपल्याकडील आरंभ मात्र असा थाटाचा नव्हता. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी चित्रपट काढावयाचे मनात घेतले, तेव्हा त्यांच्यापाशी स्टुडिओ नव्हता आणि भांडवलही नव्हते. होता तो एक लहानसा कॅमेरा. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्या अंकुराचे एकेक चित्र कित्येक दिवस नेमाने टिपले. ती चित्रे पडद्यावर भराभर सरकली, तेव्हा बी फुटून वेल वर चढताना पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आला. भांडवल देणाऱ्याची खात्री पटली ती या वाटाण्याने. पुढे १९१२ साली फाळके विलायतेहून यंत्रसामग्री घेऊन आले आणि दादरचे त्यांचे राहते घर हाच स्टुडिओ झाला. सरस्वतीबाई फाळके फितीच्या कडांना भोके पाडीत आणि काम करणाऱ्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही करीत. ‘राजा हरिश्चंद्र’मधील तारामतीचे काम करावयास कोणी स्त्री मिळेना. अखेर एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके लुगडे नेसून तारामती झाले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात तो चित्रपट लोकांपुढे आला.

जे हवे ते नाही, म्हणून जे आहे ते त्याच्या जागी ठेवावयाचे, याला आपल्याकडे ‘दुधाची तहान ताकावर भागवणे’ असे म्हणतात. म्हणीत थोडी कीव आहे. चित्रपटाच्या बाबतीत ती कीव दर वेळी योग्य ठरत नाही, हे समजण्यासाठी नाशिक जिल्ह्यातील मालेगावची हकीकत पाहण्याजोगी आहे.

मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. मोसम आणि गिरणा या नद्यांच्या काठी वसलेल्या या शहरात गल्लीगल्लीतून मागांचा खडखडाट चालू असतो. धोटे इकडून तिकडे धावतात, कापूस-सुताची धूळ हवेत तरंगते, आणि कामगारांच्या पाळ्या बदलत राहतात. शुक्रवारी माग थांबतात. त्या दिवशी हजारो विणकर नमाज आटोपून करमणुकीच्या शोधात बाहेर पडत, आणि ती करमणूक म्हणजे चित्रपट. चित्रपटगृहे होतीच, शिवाय छोट्या पडद्यावर फीत लावून दाखवणारी व्हिडिओगृहेही होती. असेच एक व्हिडिओगृह चालवणारा नासिर शेख नावाचा तरुण होता. दुसऱ्यांचे चित्रपट रोज दाखवता दाखवता त्याला वाटू लागले की, आपल्या गावाचाही एक चित्रपट असावा.

२००० साली त्याने ‘मालेगाव के शोले’ काढला. मूळचा ‘शोले’ रमेश सिप्पी यांनी १९७५ साली काढलेला. त्यासाठी कर्नाटकात रामनगरच्या खडकाळ टेकड्यांत अख्खे गाव उभारले होते. दरोडेखोरांना घोडे होते, आगगाडीवरची लढाई होती. नासिरपाशी जवळजवळ पन्नास हजार रुपये होते आणि घरगुती समारंभ टिपावयास वापरतात तसला व्हिडिओ-कॅमेरा होता. नट म्हणजे यंत्रमागावरचे कामगार आणि लहानसहान दुकानदार. घोडे कोठून आणावयाचे? दरोडेखोर सायकलींवर बसले. आगगाडी परवडण्यासारखी नव्हती, तिच्या जागी बस आली. गावातील मुली कामास मिळेनात, तेव्हा नट्या बाहेरगावाहून आणाव्या लागल्या. नव्वद वर्षांपूर्वी फाळक्यांपुढे उभी राहिलेली अडचण अजून जागची हलली नव्हती! चित्रणातील तुकडे जोडावयास संकलनाचे यंत्र नव्हते. व्हिडिओगृहातीलच दोन यंत्रे एकमेकांना जोडून एका फितीवरून दुसऱ्या फितीवर दृश्ये उतरवावयाची, असा तो कारभार.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. घंटी वाजवीत, पायडल मारीत, धूळ उडवीत दरोडेखोरांची टोळी सायकलींवरून गावात शिरते, तेव्हा प्रेक्षक हसतात. हे हसू त्यांना मूळ ‘शोले’मध्ये कोठेही मिळाले नव्हते. घोड्यावरचा दरोडेखोर मालेगावच्या माणसाने केवळ पडद्यावर पाहिलेला; सायकल मात्र त्याच्या दाराशी उभी असते. तिच्यावर बसून तो रोज कारखान्यात जातो. म्हणजे सायकल आली ती गरजेपोटी; पण तिच्याबरोबर मालेगावही चित्रपटात शिरले. पात्रे मालेगावच्या बोलीत बोलू लागली, पडद्यावरच्या गल्ल्या ओळखीच्या निघाल्या, आणि ‘हा तर आपल्या शेजारचा’ असे म्हणत लोक पुनःपुन्हा पाहावयास येऊ लागले. चित्रपटाची कीर्ती गावाबाहेरही गेली. मूळ चित्रपटाची ती नक्कल होती हे खरे, आणि नकलेचे दोषही तिच्यात होते. तथापि नक्कल करता करता माणसे आपल्या स्वतःविषयी बोलू लागली, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढे नासिरने अमेरिकेच्या सुपरमॅनलाच मालेगावात आणले. आकाशात उडणारा हा अतिबलवान वीर शफीक शेख नावाच्या यंत्रमाग कामगाराने साकार केला. शफीक अंगाने काटकुळा. कथेतला हा सुपरमॅन मालेगावच्या धुळीने दम्याचा रोगी झालेला आहे आणि त्याची लढाई आहे ती तंबाखूच्या व्यसनाशी. मूळच्या सुपरमॅनने ग्रहगोलांशी झुंजी घेतल्या असतील. मालेगावच्या सुपरमॅनपुढे गावचे दुखणे उभे होते.

‘सुपरमॅन’ची निर्मिती चालू असताना फैजा अहमद खान या दिग्दर्शिकेने त्या साऱ्या धडपडीचाच एक अनुबोधपट काढला. २००८ सालच्या त्या अनुबोधपटाचे नाव ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’. त्यात नासिरच्या युक्त्या पाहावयास मिळतात. कॅमेरा उंचावरून खाली आणावयास मोठ्या स्टुडिओंत यारी असते. येथे बैलगाडीचा दांडा वरखाली करून ते काम साधले. कॅमेरा जमिनीला समांतर सरकवावयास रूळ लागतात. येथे चित्रकार सायकलवर बसला आणि दुसऱ्याने ती ढकलली. सुपरमॅनला उडवावयाचे, तर त्याच्यामागे हिरवे कापड ताणावयाचे आणि मग संगणकावर त्या हिरव्या रंगाच्या जागी आभाळ भरावयाचे. एकदा तर एकुलता एक कॅमेराच पाण्यात पडला! मोठ्या चित्रसंस्थेत असे झाले असते, तर दुसरा कॅमेरा आला असता. येथे तोच वाळवून, दुरुस्त करून पुन्हा उभा करावा लागला. मधेच नायकाचे लग्न निघाले; सुपरमॅन बोहल्यावर चढला आणि चित्रण थांबले.

शफीकला अनुबोधपटामुळे दूरदूरच्या लोकांनी ओळखले. पण २०११ साली मुखाच्या कर्करोगाने, ऐन तारुण्यात, त्याचा अंत झाला. नासिर आणि त्याच्या सोबत्यांची ही कहाणी पुढे रीमा कागती यांनी ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ या नावाने मोठ्या पडद्यावर आणली. २०२४ साली कॅनडातील टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात तो चित्रपट प्रथम दाखवला गेला आणि २०२५ साली आपल्याकडे प्रदर्शित झाला. ज्यांनी मोठ्या चित्रपटाची नक्कल केली, त्यांचीच भूमिका आता मोठ्या चित्रपटातील नट करू लागले.

नासिर दोन व्हिडिओयंत्रे जोडून चित्रपट रचीत होता, त्याच सुमारास जगात दुसरीकडे ज्यांच्यापाशी कॅमेराही नाही असे लोक चित्रपट काढू लागले होते. संगणकावरील खेळांत चित्रातील पात्रे खेळाडूच्या आज्ञेने चालतात, धावतात, लढतात. ही हालचाल नोंदून ठेवली आणि तिला संवाद जोडले, तर ती कथा का होणार नाही, ही कल्पना काही खेळाडूंना सुचली. १९९६ साली ‘क्वेक’ नावाच्या युद्धाच्या खेळातून असाच एक दीडेक मिनिटाचा चित्रपट निघाला. खेळातून काढलेल्या अशा चित्रपटांना पुढे ‘मशिनिमा’ हे नाव रूढ झाले.

मग इंग्लंडमधील ‘लायनहेड’ या संस्थेने अशा हौशी लोकांसाठी मुद्दाम एक खेळ रचला. पीटर मोलिनू हे या संस्थेचे प्रमुख. २००५ सालच्या नोव्हेंबरात निघालेल्या या खेळाचे नाव ‘द मूव्हीज’. खेळणाऱ्याच्या हाती पडद्यावर एक मोकळी जागा येते आणि १९२०च्या सुमारास, मूकपटांच्या काळात, त्याचा कारभार सुरू होतो. त्याने स्टुडिओ बांधावयाचा, दिग्दर्शक आणि नट नेमावयाचे, त्यांचे पगार चुकवावयाचे, रुसवेफुगवे काढावयाचे. वर्षे सरतात तसा आवाज येतो, रंग येतो, नवी यंत्रे येतात. प्रभातच्या मालकांना जी व्यवधाने सांभाळावी लागली असतील, त्यांची ही बाहुल्यांच्या खेळातली प्रतिकृतीच म्हणावयाची.

पण या खेळाचे खरे वैशिष्ट्य निराळे होते. खेळणाऱ्याला स्वतःचा चित्रपट रचता येई. आधी स्थळ निवडावयाचे. मग त्या स्थळी घडू शकणाऱ्या तयार प्रसंगांतून हवा तो प्रसंग घ्यावयाचा. पात्रांना कपडे चढवावयाचे. भांडण किती तीव्र, प्रेम किती उत्कट, हे ठरवावयाचे. असे प्रसंग एकापुढे एक गुंफून, त्यांवर संवाद आणि संगीत चढवले की चित्रपट तयार होई. तो संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवला म्हणजे जगभरचे खेळाडू तो पाहत आणि त्याला गुण देत. ज्याने चित्रपट ठेवला त्याच्या खात्यात खेळातील नाणी जमा होत आणि त्यांतून त्याला नवे कपडे, नवे सामान घेता येई. स्टुडिओ नसलेल्या माणसाला स्टुडिओ मिळाला, आणि चित्रपटगृह नसलेल्याला प्रेक्षकही मिळाला.

खेळ बाजारात आला त्याच सुमारास फ्रान्स पेटला होता. २७ ऑक्टोबर २००५ रोजी पॅरिसजवळच्या क्लिशी-सू-बुआ या वस्तीत पोलिसांना भिऊन पळालेली तीन मुले विजेच्या उपकेंद्रात लपली. विजेच्या धक्क्याने त्यांतील दोघे मरण पावली; एक सतरा वर्षांचा, दुसरा पंधरा वर्षांचा. तिसरा भाजून निघाला. ही कुटुंबे परदेशांतून येऊन फ्रान्समध्ये स्थायिक झालेली. त्यांच्या वस्त्यांतून संतापाचा भडका उडाला. सुमारे तीन आठवडे रात्रीमागून रात्री दंगली झाल्या, हजारो मोटारी जळाल्या, आणि सरकारने आणीबाणी पुकारली. जगभरच्या वृत्तपत्रांत आगीची चित्रे झळकली. आग लावणारी पोरे कोण आणि त्यांना एवढा राग कशाचा, याविषयी मात्र ज्याला जसे वाटेल तसे लिहिले जात होते.

पॅरिसच्या अशाच एका उपनगरात ॲलेक्स चॅन नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण राहत असे. त्याचे आईवडील चिनी वंशाचे. तो वस्तूंचे आराखडे काढण्याचे काम करी. चित्रपटाचा त्याला गंधही नव्हता. वृत्तपत्रांत जे छापून येत होते ते त्याला खरे वाटेना. त्याने ‘द मूव्हीज’ हा खेळ घेतला आणि सुमारे आठवड्याभरात तेरा मिनिटांचा एक चित्रपट रचला : ‘द फ्रेंच डेमोक्रसी’. काळ्यासावळ्या वर्णाच्या तरुणांना कामावर घेतले जात नाही, रस्त्यात अडवले जाते, अपमान सोसावे लागतात, आणि एक दिवस ते दंगलीत ओढले जातात, अशी त्याची कथा आहे. पात्रे तोंडाने बोलत नाहीत. संवाद पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरांत उमटतात. परदेशच्या लोकांनाही कळावे म्हणून इंग्रजी, आणि ते इंग्रजीही मोडकेतोडके!

हा चित्रपट सुंदर आहे काय? सुंदर म्हणवत नाही. बाहुल्यांची अंगे ताठर, हावभाव उसने. शोकाच्या प्रसंगी एखादे पात्र असे हात फेकते की, हा हावभाव मूळचा विनोदी दृश्यातला असावा अशी शंका येते. शिवाय दंगलीचे हे समर्थन नव्हे काय, असा आक्षेपही घेतला गेला, आणि त्या आक्षेपाचा विचार पाहणाऱ्याने ज्याचा त्याने करावयाचा आहे. परंतु अमेरिकेतील मोठमोठ्या वृत्तपत्रांनी या तेरा मिनिटांची दखल घेतली. जेथे दंगल झाली तेथला एक माणूस स्वतःच्या तोंडाने बोलत होता, आणि घटना ताजी असतानाच बोलत होता. कॅमेरा, नट, परवाने, पैसा यांची जुळवाजुळव त्याने केली असती, तर तो बोलावयास लागेपर्यंत लोक ऐकण्याचे सोडून गेले असते.

चॅनच्या चित्रपटात आणखी एक गंमत आहे. गंमत म्हणावी की दुःख, हे सांगणे कठीण. त्याची कथा पॅरिसची, पण खेळ रचणाऱ्यांनी पॅरिस रचलेच नव्हते. त्यांच्या यादीतील रस्ते अमेरिकेचे. त्यामुळे चॅनच्या पॅरिसमधून न्यूयॉर्कची भुयारी गाडी धावते, आणि विजेच्या उपकेंद्राऐवजी मुले एका साध्या खोपटात लपतात. आता हे मालेगावच्या शेजारी ठेवून पाहावे. नासिरपाशी मालेगाव होते, घोडे नव्हते. चॅनपाशी कपडे, दिवे, नट, स्टुडिओ सारे होते. त्याचे गाव तेवढे नव्हते. नासिरने घोड्याच्या जागी सायकल ठेवली, तेव्हा त्याचे गाव चित्रपटात आले. चॅनला पॅरिसच्या जागी न्यूयॉर्क ठेवावे लागले, तेव्हा त्याचे गाव चित्रपटातून गेले. उणीव दोघांनाही भासली, पण त्या एकजातीच्या उणिवा नव्हत्या.

समजा, हाच खेळ विरारच्या एखाद्या मुलीच्या हाती पडला असता. तिच्या मनात कथा आहे ती पहाटेच्या गाडीची : वाडीतली फुले आणि भाजी टोपल्यांत भरून मुंबईस नेणाऱ्या बायकांची. ती खेळातील स्थळांची यादी उघडते. यादीत अंतराळयान आहे. विरारची लोकल नाही. वसईची केळीची वाडी नाही, अर्नाळ्याचा कोळीवाडा नाही, नायगावची मिठागरे नाहीत. आणि गाडीच्या दारात टोपली अंगाशी धरून उभी राहण्याचा प्रसंग तर ज्याने यादी केली त्याच्या स्वप्नातही आला नसेल. खेळ रचणाऱ्यांनी मुद्दाम कोणाला वगळले असे नव्हे. माणूस आपल्या पाहण्यातल्या गोष्टींचीच यादी करतो. मात्र दुसऱ्याने केलेल्या यादीतून निवड करणे आणि स्वतः निवड करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ती मुलगी कदाचित न्यूयॉर्कच्या गाडीत टोपलीवाली बसवील आणि खाली मराठी अक्षरे घालील. कदाचित खेळ मिटून, वडिलांचा मोबाइल मागून, पहाटे चारच्या गाडीला जाईल.

आज ती दुसरी गोष्ट करणे २००० सालच्या मालेगावपेक्षाही सोपे झाले आहे. ज्या यंत्रावर आपण बोलतो तेच चित्रण करते, तेच तुकडे जोडते आणि तेच क्षणार्धात जगापुढे ठेवते. नासिरला प्रेक्षकांना व्हिडिओगृहात बोलवावे लागे. तेथे एक लाभ होता : लोक कोठे हसले, कोठे जांभया देऊ लागले, हे त्याला मागे उभे राहून दिसे. मोबाइलवर ठेवलेल्या चित्रपटाखाली आकडा दिसतो, चेहरा दिसत नाही.

आणि ठेवलेले टिकतेच असेही नाही. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि अखेरचे एवढीच आज उरली असून ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली आहेत. ‘द मूव्हीज’चे संकेतस्थळ काही वर्षांतच बंद पडले, २०१६ साली लायनहेड ही संस्थाही बंद झाली. जगभरच्या खेळाडूंनी तेथे ठेवलेल्या चित्रपटांपैकी ज्यांच्या प्रती कोणी अन्यत्र उतरवून ठेवल्या होत्या, ते राहिले. बाकीच्यांचे रीळही उरले नाही, कारण रीळ असे काही मुळात नव्हतेच. चॅनचा चित्रपट राहिला.

किल्ल्यातील मुलांचे चित्रण एव्हाना अर्ध्यावर आलेले असते. चिमाजी अप्पांच्या तोफा हव्या आहेत आणि तोफा नाहीत. फटाके वाजवावे, तर पुरातत्त्व खात्याचा पहारेकरी येईल, हे एकाला आठवते. दोनदा दृश्य घेऊन झाले. दोन्ही वेळा ऐन चढाईच्या क्षणी खाडीतून मासेमारीची होडी गेली आणि तिच्या यंत्राच्या धडधडीने संवाद बुडाला. १७३९ साली कोठले यंत्र, म्हणून शेला बांधलेला वैतागतो. मोबाइल धरणारा मात्र कान देऊन ऐकत असतो. मग तो हात वर करतो, दोघांना कमानीआड दडावयास सांगतो, आणि पुढची होडी किल्ल्याच्या जवळ येईपर्यंत सारे जण श्वास रोखून थांबतात.